पाहुण्यांच्या बाजूला

ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत, आणि म्हणताना जरा सावरून बसत. दादाच्या घरी मात्र ती नुसती धाकटी. केस पिकायला लागले, चष्मा लागला, हाताखाली माणसं आली, तरी धाकटी काही मोठी झाली नाही, आणि तिला तेच बरं वाटायचं. कारण तिच्या स्वतःच्या घरात तिला कुठल्याच नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. घर वरच्या मजल्यावरचं, हवेशीर, बघणाऱ्याला हेवा वाटावा असं. मोठ्या हौसेने तिने जेवणाचं भलंथोरलं टेबल घेतलं होतं. त्याच्या एका खुर्चीचं प्लॅस्टिक तिने पहिल्याच दिवशी काढलं. बाकीच्यांचं अजून तसंच होतं, काढायची वेळच आली नाही.

रविवारी ती दादाकडे जायची. दादाचं घर म्हणजे तेच जुनं, दोन खोल्यांचं, ज्यात ती दोघं वाढली. जाताना दोन गल्ल्या अलीकडे गाडी उभी करायची आणि चालत जायची. गाडी दारात नेली तर गल्लीचा रस्ता अडतो, असं ती स्वतःला सांगायची. गल्ली तशी काही इतकी अरुंद नव्हती.

त्यांचे बाबा वेटर होते. लग्नाकार्याच्या आणि कंपन्यांच्या जेवणांच्या एका मोठ्या हॉलमध्ये त्यांनी जन्म काढला. माणूस अबोल, पण धंद्याचं बोलायला लागला की थांबायचा नाही. प्लेट ठेवायची डावीकडून, रिकामी उचलायची उजवीकडून. पाहुण्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं, कारण तोंड खोटं बोलतं पण हात खरं सांगतो की पोट भरलं. पाहुण्याने स्वतःच्या हाताने रिकामी प्लेट बाजूला सारली तरी ती वेटरची नाचक्की. आणि सगळ्यांत वरचा नियम: हॉलमध्ये ओळख नसते. समोर सख्खा बाप बसला असला तरी तो पाहुणा.

हे सगळं बाबांनी दोन्ही मुलांना घरीच शिकवलं, खेळ म्हणून. एका हातावर तीन प्लेटा घ्यायची हातोटी असते. पहिली अंगठा आणि बोटांच्या चिमटीत, दुसरी तिच्या खाली तळहातावर, तिसरी मनगटाच्या मागे, सरळ हातावर. घरच्या स्टीलच्या ताटल्यांत बोटभर पाणी घालून बाबा दोघांना खोलीभर फिरवायचे. दादाचं पाणी सांडायचं. धाकटीचा मात्र थेंब हलायचा नाही. बाबा खूश होऊन म्हणायचे, हात हिचा आहे.

पण पुढे बाबांचे गुडघे गेले आणि हॉलच्या मालकाने निरोप धाडला की तुमच्या मुलांपैकी एकाला पाठवा, तेव्हा गेला दादा. त्यात त्यागबिग काही नव्हता, कोणी रडलंबिडलं नाही. दादा मोठा होता, एवढंच. तो मोठा म्हणून तो गेला, ती लहान म्हणून शाळेत राहिली, आणि शाळेत राहिली म्हणून पुढे गेली. उलट असतं तर सगळं उलट झालं असतं. लोक यालाच नशीब, कर्तबगारी, हुशारी अशी भारी भारी नावं देतात. धाकटीला मात्र हा नुसता आधी-नंतर जन्मण्याचा फरक आहे हे पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं तिने कधी कुणापुढे काढलं नव्हतं.

ऑफिसात लागली तेव्हा कोणीतरी विचारलं, वडील काय करायचे? ती म्हणाली, हॉटेल लाइनमध्ये होते. समोरच्याने मान डोलावली आणि मनातल्या मनात तिच्या बाबांना एका हॉटेलचा मालक करून टाकलं. तिने ते मालकपण काढून घेतलं नाही. खोटं ती बोलली नव्हती, फक्त खरं अर्ध्यावर सोडलं होतं. अर्ध्यावर सोडलेलं खरं फार टिकाऊ असतं.

तर रविवार. जेवण झालं की सगळ्यांची ताटं उचलायची ती धाकटीने. हा त्या घरातला शिरस्ता. ती उठायची, डाव्या हातावर तीन ताटल्या रचायची, उजव्या हातात वाट्यांची चळत, आणि ताठ मानेने मोरीकडे निघायची. दादा पोटावर हात बांधून हॉलच्या मॅनेजरचा आवाज काढायचा, "शाब्बास, उद्यापासून कामावर ये." वहिनी दर वेळी तोंडाला पदर लावून हसायची. विनोद शिळा होऊन त्याला बुरशी आली होती, पण धाकटी आठवडाभर त्याच्यावर जगायची. घासलेल्या ताटल्या पालथ्या घालताना तिला वाटायचं, आपण अजून इथल्या आहोत.

एका संध्याकाळी दादाचा फोन आला. एरवी फोन वहिनी करायची, त्यामुळे तिने आधी, घरी सगळं ठीक ना, असंच विचारलं. पण बातमी चांगली होती. इतकी वर्षं वेटरच्या पांढऱ्या कोटात काढल्यावर दादाला कॅप्टन करायचं चाललं होतं. कॅप्टन म्हणजे टेबलांचा म्होरक्या. त्याचा कोट काळा, त्याने प्लेटा उचलायच्या नाहीत, वेटर नाचवायचे आणि हॉलवर नजर ठेवायची. पाय दमत नाहीत, हा त्यातला मोठा फायदा. दादाचे गुडघेही आता बाबांच्या गुडघ्यांच्या वाटेने निघाले होते, काळा कोट मिळाला नाही तर फार दिवस तो त्या हॉलमध्ये टिकणार नव्हता. मॅनेजरने एका मोठ्या जेवणाला त्याला कॅप्टन म्हणून उभं करून पाहायचं ठरवलं होतं. नीट पार पडलं तर कोट त्याचा.

आणि ते जेवण धाकटीच्या कंपनीचं होतं. वर्धापनदिनाचं, दुपारचं, सगळ्या बड्या मंडळींचं.

दादा म्हणाला, "तू असशील तिथे. मी दिसलो तर दिसलो. ओळख दाखवू नकोस. बाबांचं माहीत आहे ना?"

ती म्हणाली, माहीत आहे. फोन ठेवल्यावर तिला पहिल्यांदा काय वाटलं, तर सुटले. नियम बाबांचा, मागणी दादाची, आपण फक्त पाळायचं. मग आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याचीच तिला लाज वाटली. त्या रात्री जेवताना ती त्या एका खुर्चीवर बराच वेळ नुसतीच बसून राहिली.

जेवणाच्या दिवशी दादा हॉलच्या मधोमध उभा होता. कोट हॉलचाच, कुणा जाड्या कॅप्टनचा, पण वहिनीने दोन्ही बाजूंनी शिवण घालून तो अंगाबरोबर केला होता. धाकटीला ती शिवण लांबूनही दिसली. दादा हात पाठीमागे बांधून, हनुवटी किंचित वर करून नुसत्या डोळ्यांनी वेटर हलवत होता. इतका रुबाबदार तो तिने कधी पाहिलाच नव्हता. त्याची नजर तिच्या टेबलावरून फिरली आणि तिच्यापाशी क्षणभरही न थांबता पुढे गेली. नियम नियमाप्रमाणे चालला होता. तिने नॅपकिन उलगडून मांडीवर पसरला.

टेबलावर मोठे साहेब होते, हिशेबखात्याचे प्रमुख होते आणि जाहिरातीचं काम बघणाऱ्या बाई होत्या. हिशेबवाले म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. सूप येईपर्यंत त्यांनी हवा, रस्ते आणि शेजारी निकालात काढले आणि सूप आल्यावर ते कामाच्या माणसांकडे वळले. हल्ली माणसंच मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, टिकली तर डोक्यावर बसतात. जाहिरातवाल्या बाई म्हणाल्या की आमची कामवाली तर अगदी घरच्यासारखी आहे, मी तिला कधी कामवाली म्हणतच नाही. मग काय म्हणता, असं कोणी विचारलं नाही. साहेब मनाने चांगले. ते म्हणाले, गरिबांसाठी काहीतरी केलं पाहिजे. यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि पावाची टोपली पुढे सरकली.

हिशेबवाल्यांनी समारोप केला की ज्याला वर यायचं असतं तो येतोच, बाकी सगळ्या सबबी. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. धाकटी मूग गिळून बसली. मूग गिळण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मुख्य जेवण झालं. भाषणांची वेळ झाली म्हणून माईक लावायला आणि खुर्च्या हलवायला मॅनेजरने स्वतःच दोघा वेटरांना पळवलं, त्यातला एक धाकटीच्या टेबलाचा. दादा तेव्हा पार पलीकडच्या टोकाला, बिनमिठाचं जेवण मागणाऱ्या एका म्हाताऱ्या पाहुण्याची समजूत घालत होता. इकडे टेबलावर रिकाम्या प्लेटा तशाच. साहेबांनी आपली प्लेट बोटाने इंचभर पुढे सारली. इतरांना ते दिसलंही नसेल. धाकटीला मात्र बाबांचा आवाज ऐकू आला. हिशेबवाल्यांनी काटा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. सगळ्यांचे हात सांगत होते, उचला आता.

आणि खांबापाशी उभा असलेला मॅनेजर टेबलं तपासत हळूहळू याच बाजूला वळत होता.

आता वळेल, आता बघेल. माणूस आपणच पळवला हे त्याला आठवणार नाही, त्याला दिसेल ती कॅप्टनची चूक. दादा लांब, त्याला ओरडून सांगता येत नाही. धाकटीच्या डोक्यात तेव्हा ऑफिस नव्हतं, साहेब नव्हते. टेबल भरलेलं होतं आणि ते रिकामं व्हायला हवं होतं. ती उठली, साहेबांच्या उजवीकडे गेली आणि प्लेट उचलली. मग हिशेबवाल्यांची. मग बाईंची. उरलेलं पहिल्या प्लेटमध्ये सारलं, काटे आडवे घातले, आणि डाव्या हातावर तीन प्लेटा घेऊन ताठ मानेने आतल्या दाराकडे निघाली. एक थेंब हलला नाही.

अर्ध्या हॉलपर्यंत गेल्यावर तिला शांतता ऐकू आली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपल्या अंगावर पांढरा कोट नाही. आपण पाहुणी आहोत. टेबल न उचललेलं राहणं ही चूक असेल, पण पाहुणीने प्लेटा घेऊन हॉलमधून चालत जाणं हा त्या हॉलच्या जन्मात न घडलेला प्रकार होता. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

दादा समोरून आला. पळत नाही, कॅप्टन पळत नाही. त्याने तिच्या हातावरच्या प्लेटा एकेक करून काढून घेतल्या, तिसरी आधी, मग दुसरी, मग पहिली, नजर तिच्या हातांवर. "द्या इकडे, मॅडम," तो म्हणाला.

मागे टाळ्या सुरू झाल्या. एव्हाना साहेब भाषणासाठी उठून माईकपाशी पोचले होते. त्यांना आयतं भाषण मिळालं. ते म्हणाले, बघा, एवढ्या मोठ्या हुद्द्यावरच्या बाई, पण गर्वाचा वारा नाही. कुठलंही काम हलकं नसतं, हे आपल्या कंपनीचे संस्कार. लोक उभे राहिले. ज्यांची ती हलकी नसलेली कामं होती ते वेटर भिंतीला लागून उभे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्यांच्या हातांत ट्रे होते.

मॅनेजर पाहुण्यांकडे बघून हसत होता आणि हसता हसताच त्याने दादाला दोन बोटांनी खूण केली. आत जा.

ती मॅनेजरकडे गेली. म्हणाली की चूक माझी, त्यांची नाही. मॅनेजर नम्रपणे म्हणाला की मॅडम, तुमचं मन मोठं आहे, पण पाहुण्याला प्लेट उचलावी लागली हे मालकाच्या कानावर गेलं तर मलाच घरी बसावं लागेल. मग ती म्हणाली, "तो माझा भाऊ आहे. सख्खा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती हे बाहेर बोलली होती. तिला वाटलं, आता काहीतरी हलेल.

मॅनेजरने तिच्याकडे नीट पाहिलं. "मग त्याने आधी सांगायला हवं होतं, मॅडम. घरचं कोणी पाहुण्यांत असेल तर त्या दिवशी आम्ही माणूस बदलतो. असं होतं म्हणूनच बदलतो." एवढं बोलून तो गोडाच्या प्लेटांकडे गेला. खरं सांगून तिने दादाच्या नावावर आणखी एक चूक लावली होती.

ती टेबलाशी परतली. आता झाकायचं तरी काय, म्हणून तिने तिथेही सांगून टाकलं. वडील हॉटेलचे मालक नव्हते, वेटर होते, याच हॉलमध्ये. तो मघाचा काळा कोटवाला माझा दादा. तिला वाटलं होतं, खुर्च्या जरा मागे सरकतील. तसलं काही झालं नाही. साहेबांचे डोळे पाणावले. जाहिरातवाल्या बाई म्हणाल्या, किती प्रेरणादायी, हे छापायला हवं. साहेबांनी तिथल्या तिथे दादाला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये घ्यायची तयारी दाखवली. आतल्या दाराकडे मात्र कोणी वळूनही पाहिलं नाही. हिशेबवाले खुशीत होते, त्यांना हातोहात पुरावा मिळाला होता. "म्हणत नव्हतो? ज्याला यायचं असतं तो येतोच. पण मग भाऊ का नाही आला वर?"

धाकटी म्हणाली, "तो मोठा होता."

कोणाला काही कळलं नाही. तेवढ्यात गोड आलं.

रविवारपर्यंतच्या मधल्या दिवसांत तिने दादाला फोन केले, ते वहिनीने घेतले. वहिनी सगळं नीट बोलली. यांना काही वाटलेलं नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही. वहिनी तिला इतकी वर्षं अगं-तुगं करत होती. धाकटी फोन ठेवून खिडकीत उभी राहिली. खाली रस्त्यावर माणसं आपापल्या घरी निघाली होती आणि त्या सगळ्यांना कोणीतरी काहीतरी नावाने हाक मारणार होतं.

रविवारी ती गेली. या वेळी गाडी दारापर्यंत नेली. गल्लीत ती सहज मावली.

दारामागच्या खिळ्यावर दादाचा पांढरा कोट धुऊन टांगलेला होता. काळा कोट कॉटवर होता. वहिनी खिडकीच्या उजेडात बसून सुईच्या टोकाने आपणच घातलेली शिवण उसवत होती, कारण कोट होता तसा परत द्यायचा होता. धाकटीला पाहून तिने तो घडी करून बाजूला ठेवला आणि उठून चांगले कप काढले. ते कप पाहुण्यांसाठी असायचे. धाकटीने आजवर त्यातून कधी चहा प्यायला नव्हता.

ती म्हणाली, "दादा, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं?" दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर ती त्याच्याशी भांडली असती, रडली असती, लहानपणी करायची तसं त्याच्या दंडाला चिमटा काढला असता. "टेबल भरलेलं होतं. बाबा असते तर तेही उठले असते." थोडं थांबून तो म्हणाला, "पण बाबा आमच्या बाजूला होते."

कॅन्टीनचं तिने तोंडातून काढलं नाही.

जेवायला बसले. वहिनीने तिच्यासाठी एकुलती एक खुर्ची पुढे ओढली आणि समोर स्टूल मांडलं. ती म्हणाली की मी नेहमीसारखी खालीच बसते, तर वहिनी म्हणाली, कशाला, गुडघे दुखतील. गुडघे दुखत होते ते दादाचे, तो खाली बसला होता. जेवण छान झालं होतं. दादाने हॉलमधल्या दोन गमती सांगितल्या, वहिनी हसली, धाकटीही हसली. सगळं काही नीट चाललं होतं, आणि ते तसं नीट चालावं म्हणून ती दोघं किती जपत होती हे धाकटीला दिसत होतं.

जेवण संपलं. धाकटीने वाटी ताटलीत ठेवली, चष्मा वर सारला आणि उठायला खुर्ची मागे घेतली. डावा हात तिने नकळत पुढे केला होता, तळवा वर.

"बस तू," दादा म्हणाला.

गुडघ्यावर हात टेकून तो सावकाश उठला. ती वाट बघत राहिली, तो आता पोटावर हात बांधेल आणि मॅनेजरचा आवाज काढेल. तो तिच्या खुर्चीला वळसा घालून आला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं, आणि तिची ताटली उजवीकडून उचलली.